कामाचा संपूर्ण तपशील

हिशेब मांडायचा तर त्या पेटंटमधून विद्यापीठाच्या खरेदी अधिकारी साहेबांना एक दमडीही मिळणार नव्हती. पेटंट विद्यापीठाच्या नावाचं, उत्पन्नातला तिसरा हिस्सा संशोधकांचा, आणि खरेदी विभागाच्या वाट्याला फाइलवर सही करण्याचा मान. पण संशोधकांच्या यादीत रसायनशास्त्राच्या मॅडमखाली दुसरं नाव साहेबांच्या मुलीचं होतं. प्रयोगशाळेत ती सहा वर्षं हंगामी; दर अकरा महिन्यांनी नवा कागद आणि तोच पगार. पेटंटवर संशोधक म्हणून ज्याचं नाव असेल त्यालाच कायम करायचं, असा व्यवस्थापन मंडळाचा नियम, आणि त्यासाठीची वयोमर्यादा ओलांडायला तिला जेमतेम वर्ष उरलेलं. निवृत्तीआधी लेक मार्गी लागलेली बघायची, एवढाच साहेबांचा फायदा. बापाच्या खात्यावर याहून मोठी रक्कम सहसा जमा होत नाही.

ऑफिसात त्यांना ‘तीनभाव’ म्हणत. तीन दरपत्रकं आल्याशिवाय त्यांनी तीस वर्षांत टाचणीसुद्धा घेतली नव्हती. शिपाई म्हणे, “साहेबांचं डोकं दुखलं तरी तीन डॉक्टर बघतील, आणि सगळ्यात स्वस्तवाल्याकडून गोळी घेतील.” त्यांचा दुसरा कटाक्ष तपशिलाचा. खूप पूर्वी एका मागणीपत्रावर त्यांनी ‘सोबत जोडल्याप्रमाणे’ असं लिहिलं होतं. सोबतचा कागद गहाळ झाला आणि लेखापरीक्षक दोन वर्षं त्यांच्या मानगुटीवर बसले. तेव्हापासून ‘कामाचा संपूर्ण तपशील’ हा रकाना त्यांनी कधी रिकामा सोडला नाही.

मंडळाच्या बैठकीत वाचनालयाच्या खुर्च्यांवर पाऊण तास चर्चा झाली. पेटंटला चार मिनिटं मिळाली. अर्ज करायला वकील नेमायचा होता.

“वकिलाची फी विद्यापीठच भरणार ना?” अध्यक्षांनी विचारलं. “मग ही खरेदीच झाली. नियमाप्रमाणे दरपत्रकं मागवा.”

“वकील म्हणजे खुर्च्या नाहीत हो,” मॅडम म्हणाल्या.

“खुर्च्या निदान मोजता तरी येतात,” अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी मुलगी खरेदी विभागात आली. हातात लाखेनं बंद केलेलं पाकीट, वर ‘गोपनीय’ असा ठसठशीत शिक्का. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी गाळून स्वच्छ करणारा पातळ पडदा तिनं आणि मॅडमनी तयार केला होता. कोणता स्टार्च, किती उष्णतेवर, किती तास वाळवायचा, सगळं त्या पाकिटात होतं.

“बाबा, हे फक्त नेमलेल्या वकिलाच्या हातात द्यायचं.”

“इथं मी बाबा नाही.”

“बरं, साहेब. मग संध्याकाळी घरी येताना बाबांना भाजी आणायला सांगा.”

ती गेली आणि ते जाहिरातीचा मसुदा घेऊन बसले. सगळे रकाने भरले, एक उरला. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर त्यांनी मॅडमना फोन करून विचारलं असतं. पण ही लेकीची फाइल. तिच्यासाठी नियम वाकवला, असं उद्या कुणी म्हणायला नको. त्यांनी पट्टीनं लाख सोडवली, आतली दोन्ही पानं सुवाच्य अक्षरात रकान्यात उतरवली आणि पाकीट पुन्हा चिकटवून कपाटात ठेवलं. जाहिरात विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एकवीस दिवस होती. इतकी निर्दोष जाहिरात आपण याआधी काढली नव्हती, असं त्यांना मनापासून वाटलं.

तीन वकिलांचे दर आले. सगळ्यात स्वस्त वकीलबाई भेटायला आल्या. साहेबांनी मॅडमना आणि मुलीला बोलावून घेतलं आणि पाकीट पुढे केलं. बाईंनी ते घेतलं नाही.

“यातलं मी वाचलंय. तुमच्या जाहिरातीत.” त्यांनी आवाज खाली आणला. “अर्ज करण्याआधीच जी गोष्ट जगजाहीर झाली, तिला कायदा नवी मानत नाही. आता अर्ज करून उपयोग नाही. तुमचे पैसे घेणं मला बरं वाटणार नाही.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मुलगी पाकिटाच्या लाखेकडे बघत होती.

“बाबा, तुम्ही उघडलंत?”

“रकाना रिकामा ठेवता येत नाही.”

“एकदा ठेवला असता तर?”

साहेबांनी पाकीट उचलून पुन्हा कपाटात ठेवलं.

पुढच्या बैठकीत जबाबदारी ठरवायची होती. कुलसचिव कामाला पक्के होते. त्यांनी सोयीचा मसुदा आणलाच होता: पाकिटावर गोपनीयतेचा शिक्का नसल्यानं प्रयोगशाळेकडून हलगर्जी झाली, खरेदी विभागानं नियम तंतोतंत पाळले. पाकीट त्या टेबलावर कुणी मागितलं नव्हतं. साहेबांनी मान हलवली असती तरी भागलं असतं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि पाकीट घेऊन आली होती हंगामी मुलगी. हंगामी माणसाला नोटीसही लागत नाही.

“शिक्का होता,” साहेब उभे राहून म्हणाले. “लाखही होती. मी सोडवली.”

“साहेब, तुम्हाला वाचवायलाच तर हे लिहिलंय,” कुलसचिव हळूच म्हणाले.

“तेवढं खोडा.”

कुलसचिवांनी ते खोडलं. मग मंडळ पुढच्या विषयाकडे वळलं, सायकलींच्या शेडकडे.

कुणाला काय भुर्दंड पडला ते असं. मंडळाला काहीच नाही. उलट वकिलाची फी वाचली, आणि इतिवृत्तात ती ‘बचत’ म्हणून नोंदली गेली. कापड रंगवणाऱ्या दोन कारखान्यांनी जाहिरात वाचून तो पडदा फुकटात बनवायला घेतला, त्यांनाही काही पडलं नाही. मॅडमची चार वर्षं गेली. साहेबांची एक वेतनवाढ कायमची गेली, आणि तीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या सेवापुस्तकात एक ओळ आली. मुलीला पुढच्या अकरा महिन्यांचा कागद मिळाला. त्यावर सही करताना तिनं वयाच्या रकान्यात खरा आकडा लिहिला. कायम होण्याच्या अटीत तो बसण्याचं ते शेवटचं वर्ष होतं. सगळ्यात जास्त तिनंच भरलं, आणि तिच्याकडून एकही दरपत्रक कुणी मागवलं नव्हतं.