मागच्या सीटची पसंती

इंजिन तिकडचं, स्प्रिंगा इकडच्या, असा हुकूम सेल्सच्या साहेबांनी सोडला तेव्हाच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. गाड्यांचं सस्पेन्शन जमवण्यात तिची हयात गेलेली. कारखान्यात सगळे तिला स्प्रिंगताईच म्हणत. तिकडे परदेशात लोक गाडी सुसाट हाकतात, वळणावर ती रस्ता धरून राहिली पाहिजे म्हणतात, म्हणून त्यांना दणकट इंजिन आणि कडक स्प्रिंगा. आपल्याकडे गाडी पसंत करतं कोण, तर मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाई. शोरूमभोवती एक फेरी, वाटेत दोन गतिरोधक, आणि "पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही गं" म्हटलं की गाडी ठरली. आजवर मऊ स्प्रिंगांना इंजिन बेताचं होतं, म्हणून निभावलं. आता म्हणे शेजाऱ्यावर छाप पडायला ताकदही हवी.

"एकतर स्प्रिंगा कडक करा, नाहीतर जुनं इंजिन ठेवा," तिने बैठकीत बजावलं होतं.

"कडक गाडीला इथे कुत्रं विचारणार नाही," साहेब म्हणाले. "आणि एवढी पळवतंय कोण, मॅडम?"

बुकिंग तर सुरूही झालं होतं. म्हणून आज तिने त्यांना चाचणीच्या रस्त्यावर आणलं. साहेब सवयीने मागे बसायला निघाले. ड्रायव्हर बरोबर असला की त्यांना पुढचं दार दिसतच नसे. तिने किल्ली त्यांच्या हातात कोंबली आणि शेजारी बसली. ड्रायव्हरदादा कडेला उभे राहिले.

"हायवेवर चालवता तशी चालवा. मी सांगितलं की म्हैस आडवी आली समजून वळवा."

साहेबांनी वळवली. गाडी एका अंगाला कलली, सावरताना दुसऱ्या अंगाला झोकली गेली, मागून घसरली आणि रस्त्यावर खुणेला मांडलेल्या रबरी कोनांची अख्खी रांग तुडवून आडवी उभी राहिली. हायवेवर त्या कोनांच्या जागी समोरून येणारी गाडी असते, माणसांनी भरलेली.

"कोन फार जवळ ठेवलेत तुम्ही," साहेब बाहेर येत म्हणाले.

या माणसाला काय म्हणावं? तीही उतरली आणि तिने दार धाडकन आपटलं.

"तुमच्या मुलीला द्याल ही गाडी?"

"तिला मी तिकडची मागवलीय," साहेब बोलून गेले. मग रुमाल काढून घाम पुसू लागले.

कोन गोळा करायला आलेले ड्रायव्हरदादा तिथेच थबकले.

"साहेब, मी हीच बुक केलीय. तुम्हीच म्हणालात, घेऊन टाक. आई मागे बसून आली, खूश होती."

"संध्याकाळी बोलू," म्हणत साहेब गाडीकडे वळले.

दादांनी तिच्याकडे पाहिलं. "ताई, काय करू?"

साहेबांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "रद्द करा. आणि बुकिंग का रद्द केलं ते शोरूममधल्या प्रत्येकाला सांगा. माझं नाव घेऊन सांगा."