तळटीप गाळलेले शून्य

बससेवा समितीचा अहवाल वाचता वाचता एकेचाळिसाव्या पानावर सर थबकले. चष्मा पुसून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

‘पहाटे पाचची बस बंद केल्यास तिचे प्रवासी सातच्या बसने जातील. प्रवाशांचे नुकसान: शून्य.’

आधार म्हणून खाली ज्या प्रबंधाचे नाव होते, तो सरांचाच. कोणती बस ठेवावी आणि कोणती काढावी हे ठरवण्याचे एक सूत्र त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी मांडले होते. त्यात प्रवाशाच्या खोळंब्याची किंमत भरायची होती आणि तिचे आकडे कुणाकडेच नव्हते. थांब्यावर जाऊन अनोळखी माणसांना विचारावे, तर नुसत्या कल्पनेनेच सरांच्या अंगावर काटा यायचा. मग अर्थशास्त्रात बरेच जण करतात तेच त्यांनी केले. मोजता आले नाही ते शून्य धरले. मन खाऊ लागले म्हणून खाली बारीक अक्षरात लिहिले, ‘तूर्त शून्य धरले आहे, मोजणी झाल्यावर बदलावे.’ पुढे कॉलेजात मुले त्यांना ‘तळटीप सर’ म्हणत. त्यांचे बोलणेही तसेच होते, बारीक आवाजात आणि सगळ्यांचे बोलून झाल्यावर.

अहवालात सूत्र होते, शून्य होते. तळटीप तेवढी गाळली होती.

दुपारी धाकटी बहीण कामावरून आली. नवरा गेल्यापासून ती सरांकडेच राहायची आणि इस्पितळाच्या धुलाईघरात पहाटे साडेपाचच्या पाळीला जायची. महिन्यात तीनदा उशीर झाला की चवथ्या दिवशी दुसरी बाई उभी, असा तिथला कायदा.

“काय रे दादा, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंयस?”

सरांनी ओळ वाचून दाखवली.

“साडेपाचच्या पाळीला सातच्या बसनं?” ती हसायलाच लागली. “कोण रे हा दीडशहाणा?”

सरांनी अहवाल मिटला.

“कोण म्हणते मी?”

“मी,” सर म्हणाले, आणि सगळे सांगितले.

ती खुर्चीवर बसली. साबणाने फुटलेले हात तिने मांडीवर ठेवले. “म्हणजे माझी नोकरी तूच खाल्लीस म्हण की! उद्या तज्ज्ञ म्हणून बसणार आहेस ना त्या समितीत? मग तिथं तोंड उघड. का तिथंही आपली तळटीप?”

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत लांबलचक टेबलाशी अध्यक्ष आणि सर असे दोघेच बसून होते. तिसरा सदस्य म्हणजे अहवाल लिहिणारा सल्लागार. तो वीस मिनिटांनी आला, गाडीची किल्ली टेबलावर ठेवत.

“माफ करा हं, रस्त्यात गर्दी फार. तुम्हा दोघांचा वेळ वाया गेला.”

“किती धरायचा?” सरांनी विचारले.

“काय?”

“आमचा वाया गेलेला वेळ. तुमच्या एकेचाळिसाव्या पानाप्रमाणे तो शून्य होतो. मग माफी कशाची मागता?”

सल्लागार समजुतीने हसला. “सर, सूत्र तर तुमचंच आहे.”

“शून्यही माझंच. पण मोजून बदला असं खाली लिहिलं होतं. ती ओळ कुठं गेली?”

“तळटिपा कोण वाचतं, सर? सगळेच शून्य धरतात. आता ती रूढ पद्धत आहे.”

“एकानं भित्रेपणा केला आणि चाळीस वर्षं बाकीच्यांनी त्याची री ओढली, ही पद्धत?” सरांचा आवाज फाटला. एवढा मोठा आवाज आपला आहे हे त्यांनाही खरे वाटेना. “मी थांब्यावर जायला घाबरलो. तुम्हाला कुणाची भीती होती? तुम्ही तर गाडीच्या काचेतून मोजलं असतं तरी चाललं असतं!”

“सर, जरा शांत व्हा,” अध्यक्ष म्हणाले, “तुमचा रक्तदाब…”

“तोही शून्य धरा!”

अध्यक्षांनी मंजुरीच्या सहीचा कागद पुढे सरकवला, सरांनी तो मागे सारला. तेव्हा अध्यक्षांनी थंडपणे नियम सांगितला. सही करायची नसेल तर विरोध लेखी द्यायचा, आकड्यांसकट, आठ दिवसांत. नाहीतर अहवाल आहे तसा मंजूर.

“आहेत आकडे तुमच्याकडे?”

नव्हते. चाळीस वर्षांपूर्वीही नव्हते.

दुसऱ्या पहाटे पावणेपाचला सर वही घेऊन थांब्यावर उभे होते. धुलाईघरातल्या बायका, पहारेकरी, सफाईवाले, सगळे मिळून तीसेक माणसे. “अहो, जरा…” ते म्हणाले. कुणी वळूनही पाहिले नाही.

“ऐका सगळ्यांनी!” बहीण ओरडली. “हा माझा भाऊ. आपल्या वाट बघण्याला काडीची किंमत नाही असं लिहिणारा तो हाच!”

“हाच होय?” एक पहारेकरी म्हणाला. “आजोबा, घरी घड्याळ आहे ना?”

“हा पाय बघा,” एका थोराड बाईने सुजलेले पाऊल पुढे केले. “उभं राहून राहून झालाय. लिहा शून्य!”

सर खाली मान घालणार होते. सवयच होती ती. पण कालचा राग अजून धगधगत होता, त्यातला निम्मा स्वतःवरचाच, आणि त्या रागाने त्यांची मान वर केली.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “आता सांगा, ही बस गेली तर तुमचं काय जाईल?”

“मोठ्यानं बोला, मागं ऐकू येत नाही!”

सरांनी मोठ्याने विचारले.

“नोकरी,” थोराड बाई म्हणाली. “लिहा.”

“मी चालत जाईन. दीड तास. पण पोरांना उठवणार कोण?” तिच्या मागची म्हणाली.

सर लिहू लागले. चवथी नोंद अर्धी असतानाच बसचे दिवे दिसले आणि रांग पुढे सरकली. सर वही मिटून बाजूला झाले.

“बाजूला काय होतोस?” बहिणीने त्यांचे मनगट धरले. “चढ. बाकीचे आत सांगतील. आठच दिवस आहेत, दादा, आणि त्यातला एक चाललाय.”

सर चढले. बसायला जागा नव्हती. एका हाताने दांडी धरून, वही कठड्यावर टेकवून त्यांनी अर्धी नोंद पुरी केली आणि पाचव्या माणसाकडे वळले.