लापोचा महागडा सफेदा

बिंदोला ताप आला नसता तर भिंत त्याच्या नावावर असती. इटलीतल्या अरेत्सोच्या मठातल्या त्या भिंतीवरच्या चित्रासाठी त्यानं उन्हाळाभर खपून रेखाटनं केली होती: मधे क्रूस, खाली रडणाऱ्या बाया, शिपाई, बघ्यांची गर्दी. हिवाळ्यात तो अंथरुणाला खिळला. त्याच्याच गुरूच्या हाताखाली शिकलेला लापो समाचाराला आला, जाताना रेखाटनं उचलून घेऊन गेला आणि मठाधिपतींना आपली म्हणून दाखवली. बिंदो उठून बसेपर्यंत भिंत लापोची झाली होती. तक्रार कुणाकडे करणार? चित्रकारांच्या संघाचा मुख्य म्हणजे लापोचा सासरा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

वर लापोनं त्यालाच मजुरीवर बोलावलं. लापो लाकडी फळीवर चित्रं काढणारा. ओल्या गिलाव्याशी त्याचं कधी जमलं नाही. गिलावा वाळायच्या आत रंग बसायला हवा, आणि या गृहस्थाला एका भुवईला दुपार लागायची. बिंदो मुकाट्यानं गेला. माफ केलं म्हणून नव्हे. आपली भिंत दुसऱ्याच्या हातून नासलेली त्याला बघवली नसती, आणि सूड उगवायचा तर जवळच राहायला हवं, हेही तो जाणून होता.

संधी लापोनंच ताटात वाढून आणली. भिंतीच्या उस्तादानं गर्दीत आपला चेहरा घालायची रीत होती. त्या दिवशी लापो नवी मखमली टोपी घालून परांचीवर चढला, हातात एक पुडी.

"माझ्या तोंडाला पांढरा रंग म्हणून तुझा तो चुना नको फासूस," तो म्हणाला. "हा घे. व्हेनिसचा सफेदा, शिशाचा. फळीवर मी हाच वापरतो. दुधासारखा राहतो."

ओल्या गिलाव्यावर शिशाचा सफेदा पुढेमागे काळा पडतो, हे भिंती रंगवणाऱ्यांच्या घरात शेंबडं पोरही सांगेल. बिंदोच्या ओठांवर ते आलंही होतं. त्यानं गिळलं.

"बरं, उस्ताद," तो म्हणाला. लापोला त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच उस्ताद म्हटलं, आणि म्हणताना त्याला फार बरं वाटलं. चेहरा त्यानं अगदी जीव ओतून काढला.

काही वर्षांत कपाळावर डाग उमटला. मग गाल गेले, मग नाक. बाया आणि शिपाई तसेच टवटवीत. लापो तेवढा चुलीतल्या लाकडासारखा. आया मुलांना दाखवू लागल्या, हा बघ, याचं पाप देवाला दिसलं. शापित माणसाकडून वेदीवरचं चित्र कोण करून घेणार? लापोची कामं आटली. शेवटी मठाधिपतींनी परांची बांधायला सांगितली आणि म्हणाले, "उस्ताद, चढा वर, तेवढा चेहरा नव्यानं काढा. तुमच्याच हातचा आहे ना?"

लापो बिंदोच्या दारी आला. बिंदो घेवड्याचं कालवण खात होता. तो उठला नाही.

"तुला माहीत होतं. बोलला का नाहीस?"

"मजुरानं उस्तादाला शिकवायचं?"

"बिंदो, हात जोडतो. पहाटे, कुणी नसताना, तेवढा चेहरा काढून दे. मागशील ते देईन."

"देतो की." बिंदोनं पाव रश्शात बुडवला. "पण ईस्टरला. भरल्या चर्चमध्ये, दारं सताड उघडी ठेवून. मी परांचीवर, तू खाली चुना कालवायचास. लोक विचारतील, ही भिंत कुणाची? तेव्हा तू सांगायचंस."

लापोनं जोडलेले हात खाली घेतले. "सासऱ्यांना, मुलींना काय तोंड दाखवू?"

"ते भिंतीवर दिसतंच आहे."

ईस्टरला बिंदो चाळलेला चुना आणि धुतलेले कुंचले घेऊन परांचीपाशी बसला. लोक आले, प्रार्थना झाली, लोक गेले. लापो आला नाही. शापित म्हणून जगणं त्याला चाललं, पण बिंदोचं नाव घेणं चाललं नाही. दुपारी मठाच्या माणसांनी परांची सोडून नेली. आपली भिंत आता कधीच आपली होणार नाही, हे बिंदोला तेव्हा कळलं आणि आतून पेटल्यासारखं झालं.

त्यानंतर तो एकही रविवार चुकला नाही. त्या काळ्या चेहऱ्याखाली उभा राहायचा, प्रार्थना संपली तरी हलायचा नाही. एवढं काय बघतोस, असं कुणी विचारलंच तर सांगायचा, "उस्तादांचं काम."