नव्वद गोल बटणं

सासरेबुवांनी आयुष्यभर रेघा काढल्या. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते. टाक्या, झडपा, नळांची वळणं कागदावर काढायची आणि कागद पुढच्या टेबलावर सरकवायचा. त्यांच्या रेघांवरून शहरभर नळ गेले, पण ते टाकले दुसऱ्यांनी, आणि टाकले तेही जमिनीखाली. निवृत्तीनंतर एका दुपारी ते सहज बोलून गेले की माझी एक रेघ काही मला कधी हातात धरायला मिळाली नाही. सासूबाई मटार सोलत होत्या. मग हे धरा, म्हणाल्या, आणि अर्धी परात त्यांच्यापुढे सरकवली. सासरेबुवांनी मटार सोलले, पण मन दुसरीकडेच सोलवटत राहिलं.

त्या मनातून वर्षभरात एक मशीन निघालं. दोन मेलेल्या प्रिंटरांच्या मोटरी, ड्रॉवरच्या सरकत्या पट्ट्या, आट्यांचे तीन लांब दांडे, मुलगा परगावी नोकरीला जाताना मागे ठेवून गेलेला लॅपटॉप, आणि सुतार लाकडात खाच पाडायला वापरतात ती हातातली मोटर. लॅपटॉपवर आकृती काढायची. लॅपटॉप मोटरींना सांगणार, इतकं डावीकडे, इतकं पुढे, आता जरा खाली. आणि फिरतं पातं लाकूड कोरत जाणार. रेघ आत, वस्तू बाहेर. निदान बेत तरी तसा होता.

मशीनला जागा मिळाली सूनबाईंच्या शिवणखोलीत, कापड बेतायच्या लांब टेबलावर. सूनबाईंनी मधोमध खडूची रेघ मारली होती; अलीकडे कापड, पलीकडे बाबा. माणसं ती रेघ पाळत, भुसा पाळत नसे. तो उडून थेट अस्तरावर बसे. सासूबाई मशीनला जावई म्हणत. बसून खातो, तेल मागतो, आवाज करतो, आणि काम सांगितलं की अंग मोडतो. दारातून जाता-येता त्या गुणगुणत:

जावई आला घरा, बसला टेबलावरी,
लाकूड खाऊन भुसा, टाकितो अंगावरी.

सासरेबुवा ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि दांड्याला आणखी दोन थेंब तेल घालत.

मग आली गायकवृंदाची ऑर्डर. अठरा कोट, प्रत्येकाला पाच बटणं. सूनबाईंना हवी होती लाकडी, रुपयाहून मोठी, चार भोकांची, आणि तशी बाजारात कुठे मिळेनात. ऑर्डर देणाऱ्या बाई समोरच बसल्या होत्या. सासरेबुवा रेघेच्या पलीकडून, कुणी विचारलेलं नसताना म्हणाले, "मी करून देतो. नव्वदच्या नव्वद."

सूनबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मशीनकडे, आणि बाईंना सांगून टाकलं की बटणं घरचीच लागतील. इतक्या पटकन आपल्यावर कुणी विश्वास टाकावा याची सासरेबुवांना सवय नव्हती. कचेरीत त्यांच्या रेघेवर चार सह्या लागत. त्या दिवशी जेवताना ते उगाचच दोनदा हसले.

कोट शनिवारी न्यायला येणार होते. सोमवारी सकाळी पहिलं बटण निघालं. मोटरी गुणगुणल्या, पातं गरगरलं, भुशाचा छोटा ढीग झाला, आणि त्यातून सासरेबुवांनी दोन बोटांनी जे उचललं ते गोल नव्हतं. गोलासारखं होतं. कुणीतरी डावी-उजवीकडून चिमटीत धरून दाबल्यासारखं. त्यांनी ते खिशात टाकलं. दुसरंही तसंच. तिसरंही.

आता दुसरा कुणी असता तर त्याने मशीन तपासलं असतं. पण सासरेबुवा पडले ड्राफ्ट्समन. वस्तू चुकली म्हणजे कागद चुकला, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यांनी लॅपटॉपवरचं वर्तुळ दहा वेळा मोजलं. ते इतकं गोल होतं की डोळ्यांत पाणी यावं. मंगळवारी त्यांनी आणखी पुढचं डोकं लढवलं: मशीन गोलाला दाबतं ना, मग आपण आकृतीच आडवी ताणून देऊ, म्हणजे दाबून ती बरोबर गोल होईल. त्यातून जे निघालं ते वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखं होतं. तेही खिशात गेलं. मंगळवारी संध्याकाळी सदरा खुंटीला अडकवला तर तो एका बाजूला कलला.

सूनबाईंनी दोनदा विचारलं, कसं चाललंय बाबा. दोन्ही वेळा ते म्हणाले, चाललंय. खोटं नव्हतं ते. मशीन चालतच होतं.

बुधवारी सूनबाई कोटांना काजं करत होत्या, नव्वद काजं, आणि काम करता करता सहज बोलल्या की बटणांच्या दुकानाचा माल गुरुवारी येतो, ज्याला जे हवं ते बुधवारी सातच्या आत फोन करून सांगावं लागतं. या वेळी तेवढी एक कटकट वाचली. सासरेबुवांनी घड्याळ पाहिलं. साडेचार. पुढचा अर्धा तास त्यांनी एकच स्क्रू सहा वेळा घट्ट केला. गप्प बसलं तर शनिवारी अठरा कोट उघडेच लटकणार, आणि मान खाली जाणार ती सूनबाईंची. बोललं तर प्लास्टिकची काळी बटणं येणार, आणि हे सगळं लटांबर माळ्यावर जाणार. ते स्वतःच चढवतील, कुणी सांगायच्या आधी.

पाच वाजता ते खडूची रेघ ओलांडून कापडाच्या बाजूला गेले आणि खिसा टेबलावर उलटा केला. एकवीस बटणं खडखडत बाहेर पडली.

"फोन कर त्या दुकानाला," ते म्हणाले. "माझ्याच्याने गोल होत नाहीये."

सूनबाई रागावतील असं त्यांना वाटलं होतं. रागवल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी एक बटण उचललं, डोळे मिटले आणि कापडाचा पोत पाहावा तसं दोन बोटांत हळूहळू फिरवलं. मग दुसरं. मग तिसरं.

"सगळी एकाच जागी चपटी आहेत, बाबा. डावीकडे आणि उजवीकडे. वर-खाली छान आहेत."

"असतील."

"म्हणजे तुमचं ते पातं उजवीकडे जाऊन परत डावीकडे वळतं ना, तिथे."

सासरेबुवांनी वळून मशीनकडे पाहिलं.

"माझ्या जुन्या मशीनचं तसंच आहे," सूनबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात जराही जोर नव्हता. भाजीत मीठ किती ते सांगावं तसं त्या सांगत होत्या. "शिवण पक्की करायला उलटा टाका घेतला की पहिला टाका फुकट जातो. आतलं काहीतरी झिजलंय, ते आधी ढिलंच फिरतं, मग पकडतं. म्हणून मी मागे येताना एक टाका जास्त धरते."

"दुरुस्त नाही केलंस?"

"बारा वर्षं झाली. आता ते मला ठाऊक आहे, मग कशाला?"

सासरेबुवा मशीनशी गेले. लॅपटॉपच्या एका पानावर एक रकाना होता: दिशा बदलल्यावर किती जास्त जायचं. मशीन जोडलं त्या दिवशी त्यांनी तिथे मोठ्या रुबाबात शून्य लिहिलं होतं. आपल्या हातच्या मशीनला ढिलेपणा असेल, हे त्यांना मनातही आणवलं नव्हतं.

दोघांनी मिळून मोजायला घेतलं. सूनबाईंनी टाचण्यांची गादी आणली आणि तिच्यात एक सुई अशी खोचली की टोक पात्याच्या सरकत्या फळीला नुसतं टेकावं. दांड्यावर खडूची खूण केली. सासरेबुवांनी दांडा हाताने एका बाजूला फिरवला, मग उलटा. दांडा फिरत होता, आणि फळी जागची हलत नव्हती. अर्धं वळण झालं तरी सुई स्वस्थ. आणखी थोडं, आणि मग ती थरथरली.

"पाऊण मिलिमीटर," सासरेबुवा पुटपुटले. चोर सापडावा आणि तो आपलाच भाऊ निघावा असा त्यांचा चेहरा झाला होता.

शून्य पुसायला त्यांना जरा वेळ लागला. पुसलं. पाऊण मिलिमीटर लिहिलं. ताणलेली आकृती फेकून पहिलं, डोळ्यांत पाणी आणणारं वर्तुळ परत आणलं. सूनबाई घड्याळाकडे पाहत होत्या आणि पाहत नसल्यासारखं दाखवत होत्या. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आज गाणं नव्हतं. पातं उजवीकडे गेलं, वळताना क्षणभर दांडा आपला आपण फिरला, जणू कुणी बोलायच्या आधी घसा खाकरावा, आणि मग पातं निमूट डावीकडे निघालं. एका बटणाला अकरा मिनिटं लागत. ती अकरा मिनिटं सासूबाई दारातच उभ्या राहिल्या.

सूनबाईंनी भुसा फुंकला, बटण उचललं, डोळे मिटून फिरवलं. एकदा, दोनदा. मग जवळच्या कोटाच्या काजातून ते आत घातलं, बाहेर काढलं, थोडं वळवून पुन्हा घातलं. कसंही वळवा, अडत नव्हतं.

साडेसहा वाजून गेले होते.

"फोन?" सासरेबुवांनी विचारलं.

"कसला फोन? एकोणनव्वद राहिलीत. बाबा, पुढची फळी लावा."

सासरेबुवांनी तिथल्या तिथे हिशेब केला: सोळा तासांहून जास्त, म्हणजे गुरुवार, शुक्रवार, आणि शनिवार सकाळी थोडी धावपळ. ती धावपळ झालीही. शेवटचं बटण गायकवृंद चहा घेत असताना लागलं. पण ते शनिवारी. बुधवारी त्यांनी फळी लावली, ती सरळ बसली का ते वाकून पाहिलं, आणि पहिलं बटण मोजणीच्या डब्यात टाकायला हात पुढे केला तर टेबलावर बटण नव्हतं.

ते सासूबाईंच्या मुठीत होतं. सूनबाईंच्या गादीतली ती सुई ओढून त्यांनी तिच्यात दोरा ओवला होता.

"अहो, ते कोटाचं आहे," सासरेबुवा म्हणाले. "नव्वदांतलं."

"मग आणखी नव्वद करा. हलू नका, टोचेल."

त्यांनी सदऱ्यावरचं वरून दुसरं बटण कात्रीने कापलं आणि ते धडधाकट असताना कापल्याबद्दल काही खुलासा न देता तिथे हे नवं लावलं. चारही भोकांतून दोनदा दोरा घेतला, मागे गाठ मारली, दोरा दाताने तोडला. सदऱ्यावर ते बशीएवढं दिसत होतं. सासरेबुवांनी काजात घालून पाहिलं. ते शक्यच नव्हतं. त्यांनी तसंच अंगठ्याखाली धरलं, अंगठा कडेकडेने एकदा फिरवला, आणि दुसऱ्या हाताने मशीन सुरू केलं.