शेकाट्यांची साक्ष

ज्या नदीकाठी उभे राहताना नाकाला रुमाल लावावा लागतो, त्याच काठाला यंदा जैवविविधतेचा सर्वोच्च निर्देशांक मिळाला होता. कारखान्यांचे आणि वसाहतींचे सांडपाणी जिथे काळ्या, फेसाळ धारेने नदीत कोसळत होते, तिथेच गुलाबी लांब पायांचे शेकाटे थव्यांनी उभे असत. आणि निर्देशांक मोजत असे तो केवळ पक्षी. पक्षीच का? तर पुलावर गाडी थांबवून, बुटांना चिखल न लागू देता ते मोजता येतात म्हणून.

उलट निघोज्याचा ओढा. तळाचा खडा दिसावा इतका निर्मळ. पण त्याच्या झाडीत गाडी शिरत नसे, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला पक्षी दिसत नसत. त्याच्या वाट्याला नीचांक आला. मग ही मोजणी करणाऱ्या शेखररावांच्या सल्लागार संस्थेने प्रस्ताव रचला: एका कंपनीच्या नव्या इमारतीसाठी ओढा नळात कोंडून वरून बुजवावा आणि त्याची भरपाई म्हणून कंपनीने तो ‘समृद्ध’ नदीकाठ दत्तक घ्यावा. आता उणीव होती ती संस्थेची जीवशास्त्रज्ञ स्वरूपा हिच्या सहीची.

चिंचवडच्या कार्यालयात बैठक भरली. टेबलावर शेव-पोह्यांच्या बशा मांडल्या होत्या.

“करून टाका सही, ताई,” सोपानराव म्हणाले. कंपनीला विकायची ओढ्याकाठची जमीन त्यांचीच. “त्या ओढ्यात हाय काय? बगळासुदिक न्हाई.”

“सोपानराव, पोहायला कुठं शिकलात?”

“ओढ्यातच की.”

“आणि आता त्या नदीत उतराल?”

“म्या? म्हस सोडत न्हाई तिच्यात!”

शेखरराव हसले. “मॅडम, पोहणं-बिहणं राहू द्या. इथं आकडा बोलतो. तुम्हाला कीटक मोजायचे होते, ठाऊक आहे. पण पाहुण्यांना वाटायच्या कॅलेंडरवर काय अळ्या छापू?”

स्वरूपाने पिशवीतून दोन बरण्या काढल्या. पहिलीत स्वच्छ पाणी होते आणि दगडाला बिलगलेले, तीन शेपट्यांचे इवले कीटक. “हे ओढ्यातले. पाणी जरा नासलं की मरतात.” दुसरीचे झाकण तिने उघडले. कुजकी दुर्गंधी खोलीभर पसरली. काळ्या गाळात तांबड्या अळ्या वळवळत होत्या. जणू बशीतल्या शेवेलाच जीव फुटला होता. सोपानरावांनी हातातला घास खाली ठेवला.

“शेकाटे यांच्यावर जगतात, सर. सांडपाणी वाढलं की गाळ वाढतो, गाळात या वाढतात, यांच्यामागं पक्षी येतात. आणि पक्षी आले म्हणून आपण लिहितो, नदी सुधारली! हा निर्देशांक नदीचा नाही, घाणीचा आहे.”

युक्तिवाद बिनतोड होता, आणि तो पटला असावा असे तिला क्षणभर वाटले. शेखरराव नाकाला रुमाल लावून बरणीवर वाकले, बारकाईने पाहू लागले.

“ही अळी आपल्या मोजणीत आहे?”

“नाही.”

“मग घ्या की, मॅडम! तुम्हाला कीटक हवेच होते. नदीकाठची एक प्रजाती वाढली.”

स्वरूपाने समोरचा प्रस्ताव शेखररावांकडे परत सरकवला.

“सही होणार नाही,” ती म्हणाली. ओढ्याची बरणी तेवढी उचलून ती निघाली. त्या खोलीच्या काचा कायमच्या बंद होत्या; मागून सोपानरावांचा घुसमटलेला आवाज आला, “अवो ताई, त्या बरणीचं झाकण तरी लावा!”

तिने वळून पाहिले नाही.

आपली नाही तर दुसऱ्या कुणाची सही त्यांना मिळेल, हे ती जाणून होती. तरी उन्हे कलण्यापूर्वी ती निघोज्याच्या ओढ्यात गुडघाभर उतरली आणि कीटक जिथले तिथे सोडले. ते लगबगीने दगडाखाली शिरले. तिने मान वर केली. इमारतीसाठी जमीन मोजणाऱ्यांनी आखलेली चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ अलीकडच्या काठाशी थांबून पलीकडच्या काठावर नेमकी पुढे सुरू झाली होती; मधे ओढा नव्हताच, अशा सफाईने.