तेलकट बोट

‘मिलिग्रॅमबाई’ हे नाव प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी दिलेलं, आणि तेही कौतुकानं. पोलादाची बारीक कांडी फिरत्या तबकडीवर तासभर घासायची, तेलाचा थेंबही लागू न देता. मग ती किती झिजली ते वजन करून लिहायचं. आठ वर्षं बाई हेच करत होत्या आणि त्यांचा आकडा कधी चुकला नव्हता. घोडं तिथंच पेंड खात होतं.

नवरा आणि लेक दुसऱ्या गावी. तिथल्या शाखेत बदलीसाठी त्यांनी तीनदा अर्ज केला. सर दर वेळी म्हणायचे, “एवढं पोलाद तपासून संपू दे, मग खुशाल जा. तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही हो.” पोलाद काही संपत नव्हतं. नोकरी सोडावी तर घर त्याच पगारावर चाललेलं. खोलीला खिडकी नव्हती, यंत्राची करकर घरीही कानात राहायची. लेक आताशा फोनवर ‘कधी येणार’ असं विचारतही नसे, आणि त्याचंच बाईंना रडू यायचं.

शेवटी त्यांनी ठरवलं, हा हातच बिघडवून टाकू. आकडा इतका वेडगळ येईल की सर कपाळाला हात लावतील आणि आपणहून बदलीवर पाठवतील. मंगळवारी सकाळी त्यांनी तबकडी नेहमीसारखी पुसली, केसांवरून बोट फिरवलं आणि ते तेलकट बोट तबकडीवर चांगलं तीनदा फिरवलं. यंत्र सुरू झालं. करकर नाही. कांडी जवळपास झिजलीच नाही.

सरांनी कागद दोनदा वाचला. मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“तेलाशिवाय न झिजणारं पोलाद! चार वर्षं याच आकड्याची वाट बघतोय मी. दुसऱ्या कुणी आणला असता तर हसलो असतो.”

“सर, माझंच काहीतरी चुकलं असेल.”

“तुमचं? काहीतरीच काय.” सरांनी खणातून बदलीचा अर्ज काढला. खाली सही होती. “कालच केली होती. म्हटलं, किती दिवस अडवायचं तुम्हाला. आता मात्र राहू दे. हीच चाचणी वीस वेळा करायची, आणि तुमच्याशिवाय कुणी यंत्राला हात लावायचा नाही.”

अर्ज परत खणात गेला.

बाई खोलीत आल्या. खरं सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर वीस वेळा खोटं घासायचं. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी नवी कांडी बसवली, तबकडी दोनदा स्वच्छ पुसली, थोडा वेळ तिच्याकडे बघत बसल्या, आणि मग त्यांचा हात केसांकडे गेला.