चांदीच्या गोठ्यातला कॅमेरा

माझं डोकं लवकर तापतं, हे मूर्तिजापूरच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. माझे अब्बा अब्दुल रहीम तिथल्या आमच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करायचे आणि गिऱ्हाइकाशी असं गोड बोलायचे की रेडिओ सुधारला नाही तरी माणूस खुश होऊन जायचा. मी कॅमेरे बसवते, राउटर लावते आणि खरं ते तोंडावर सांगते. "नगमा, जरा प्यार से," असं अब्बा अजूनही आतून ओरडतात. पण धानोऱ्याच्या आशाबाईंपुढे अब्बांचाही प्यार संपला असता.

गोष्ट बोंडअळीनंतरच्या वर्षाची. त्या अळीनं आमच्या भागातली कपाशी उभ्या उभ्या खाल्ली, आणि ज्यांच्या दारात दुभतं जनावर होतं त्यांची चूल त्यानं पेटती ठेवली. आशाबाई आणि त्यांचे नवरे खुशालराव यांच्या घरी चांदी नावाची म्हैस होती. चांदी म्हणजे घरची लाडकी लेक, आणि लाडक्या लेकीसारखीच डोक्यावर बसलेली. आशाबाईंशिवाय ती कोणाला जवळ येऊ देत नसे. खुशालराव धार काढायला बसले तर बादली एकीकडे आणि खुशालराव दुसरीकडे.

मागच्या वेताला आशाबाई बाजाराला गेल्या होत्या आणि इकडे चांदी व्यायला लागली. खुशालरावांना तिनं जवळ फिरकू दिलं नाही, घाबरून उठबस केली, आणि त्यात पिल्लू गेलं. तेव्हापासून आशाबाईंनी ठरवलं होतं, म्हैस गाभण असली की गाव सोडायचं नाही. आता पुन्हा तिचे दिवस भरत आले होते, आणि नेमकी तेव्हाच अकोल्याला खंजिरी भजनाची स्पर्धा होती.

आशाबाई खंजिरी वाजवतात. वाजवतात म्हणजे काय, त्यांच्या हातात ते झांजा लावलेलं छोटं कातडी चाक आलं की समोरच्या माणसाची मान आपोआप हलायला लागते. गळाही तसाच, रानात हाक मारली तर शिवेपलीकडून ओ येईल असा. गावातल्या बायांचं मंडळ त्यांच्या जिवावर उभं होतं, पण तालुक्याबाहेर ते कधी गेलं नव्हतं, कारण आशाबाई गोठ्याबाहेर गेल्या नव्हत्या. ढोलकी वाजवणाऱ्या पार्बताबाईंनी यंदा सरळ सांगितलं होतं की आशाबाई नसतील तर नाव काढून घेऊ.

तेव्हा पुण्याला नोकरीला असलेल्या त्यांच्या कुलदीपनं मला फोन केला. गोठ्यात कॅमेरा बसवा, आईच्या मोबाइलवर म्हैस दिसली की ती अकोल्याला जाईल.

काम सोपं होतं. घरात टीव्हीच्या टेबलावर सिम टाकलेला राउटर ठेवला, विणलेल्या रुमालावर, कारण आशाबाईंनी तो आधीच अंथरून ठेवला होता. मागच्या गोठ्यात आढ्याला कॅमेरा लावला. चित्र स्वच्छ आलं. त्या कॅमेऱ्यातून बोलताही येत होतं. मोबाइलवरचं बटण दाबून धरलं की आपला आवाज गोठ्यात जाणार, सोडलं की गोठ्यातला आवाज आपल्याकडे येणार. आशाबाईंनी बटण दाबून "चांदे" अशी हाक मारली, तर चांदीनं चारा सोडला आणि आढ्याकडे तोंड करून हंबरली.

"माय वं! माह्या आवाज वयखते!" आशाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मी चहा प्यायले आणि ऐटीत घरी आले. संध्याकाळी फोन.

"नगमा पोरी, म्हैस दिसून नाई राहिली वं."

दुसऱ्या दिवशी "निघाली हो काकू" असा फोन करून मी गेले. राउटर टेबलावर, रुमालावर, दिवे लुकलुकत. कॅमेरा चालू, चांदी रवंथ करतेय. तरी मी राउटरचा चार्जर बदलला, कारण चार्जरवर माझा कधीच विश्वास नसतो. चहा प्यायले, परतले. संध्याकाळी फोन. म्हैस गायब.

मग पुन्हा फोन करून गेले. पुन्हा सगळं ठणठणीत! मी कॅमेऱ्याची जागा बदलली, पासवर्ड बदलला, टॉवरला शिव्या घातल्या. वीज गेली तरी चालावं म्हणून लहान बॅटरीही जोडून दिली. खुशालराव शांतपणे सुपारी कातरत सगळं पाहत होते.

"तू आली का चालते, तू गेली का बंद पडते," आशाबाई म्हणाल्या. "तुले पाहून तो घाबरत असंन."

"घाबरायला तो काय नवरा आहे, काकू?" मी म्हणाले. खुशालराव सुपारीत मान खुपसून हसले. मला मात्र हसू येत नव्हतं. बाजारात कोणी म्हणालं असतं की रहीमभाईंच्या पोरीला एक कॅमेरा जमेना, तर मी जेवण सोडलं असतं. त्याहून वाईट म्हणजे आशाबाईंनी पार्बताबाईंना निरोप धाडला होता, की माझ्या भरवशावर राहू नका, मी काही येत नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी शेजारच्या गावात एका शाळेचं काम करून परतत होते. वाटेत धानोऱ्याचा फाटा लागला. मनात आलं, जाऊन बघावं. फोन वगैरे काही केला नाही. दारात स्कूटी लावली आणि थेट आत.

टीव्हीच्या टेबलावर रुमाल होता. राउटर नव्हता.

"काकू," मी म्हणाले, "राउटर कुठी हाय?"

आशाबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या आणि मला पाहून अशा दचकल्या, जणू मी पोलीसच आले होते. "अवं, फोन तरी कराचा! मी चहा मांडतो, बस तू."

"राउटर कुठी हाय, काकू?"

"हाय ना. घरातच हाय. जाते कुठी?"

मी स्वयंपाकघरात शिरले. कोपऱ्यात ज्वारीची पत्र्याची कोठी, माझ्या खांद्याएवढी उंच. तिच्या झाकणाखालून एक काळी वायर निघून भिंतीतल्या बटणाकडे गेली होती. मी झाकण उचललं. आत ज्वारीवर, जुन्या लुगड्याच्या घडीत, राउटर निजला होता. दिवे बिचारे लुकलुकत होते. वर हळदीकुंकवाचं बोटही होतं.

मी झाकण काखेत धरून पुन्हा वाकून बघितलं.

"असं काय पाहून राहिली?" आशाबाईंचा आवाज बारीक झाला. "कुलदीपनं सांगतलं, आई, मोलाची चीज हाय, जपजो. मंग मोलाची चीज मी कुठी ठेवतो? मिक्सरबी कोठीतच हाय. वानरं खिडकीतून येतेत, रिमोट घेऊन गेले मागच्या महिन्यात."

"आणि मी येते तेव्हा?"

"पाव्हणा आला का कपबशा काढतो, तसा काढतो. तू फोन करते ना निघताना."

मी तिथेच पाटावर बसले. आधी ओरडणारच होते, पण हसू आधी आलं. मी निघाल्याचं कळवायचे आणि बाई माझ्या मानासाठी राउटर सजवून ठेवायच्या. मी गेले की कपबशांबरोबर तोही आत. पत्र्याच्या कोठीतून गोठ्यापर्यंत सिग्नल जायचा कसा? "काकू, पत्र्यातून त्याचा आवाजच बाहेर निघत नाही हो. त्याला तुम्ही तोंड दाबून ठेवलंय," मी म्हणाले, आणि आशाबाईंनी कपाळावर हात मारला. बाहेरून खुशालराव म्हणाले, "मी म्हनलं होतं." ते काही म्हणाले नव्हते, हे दोघींनाही माहीत होतं.

खुशालरावांना मी बांबूची एक दुरडी मागितली. राउटर भिंतीवर उंच लावला आणि त्यावर दुरडी उपडी करून खिळ्यांनी ठोकली. हवा जाते, सिग्नल जातो, वानराचा हात जात नाही. आशाबाईंनी दुरडीलाही कुंकू लावलं. तासभर मी अंगणात बसून राहिले आणि चांदी एकदाही मोबाइलवरून हलली नाही.

"आता जा अकोल्याले," मी म्हणाले.

"जातो," आशाबाई म्हणाल्या. "पन तूबी संग चाल. तती बंद पडलं त मी कोनाले धरू?"

तर अशी मी, नगमा अब्दुल रहीम, दुसऱ्या दिवशी एकसारख्या हिरव्या लुगड्यांतल्या बायांबरोबर काळी-पिवळी जीपगाडीत कोंबून अकोल्याला गेले. सभागृह गच्च भरलं होतं. आशाबाईंनी मोबाइल मांडीवर ठेवला होता आणि दर थोड्या वेळानं म्हशीकडे असं बघत होत्या, जसं बाया चुलीवरच्या दुधाकडे बघतात. आमचा नंबर यायला दोन मंडळं उरली आणि चांदी उठली. बसली. पुन्हा उठली. शेपूट वर झाली.

"झालं," आशाबाई म्हणाल्या. "आली वेळ."

खुशालराव धावत गोठ्यात आलेले दिसले. चांदीनं त्यांच्याकडे बघून मान खाली घातली आणि लाथ अशी झाडली की ते दावणीपलीकडे उडी मारून गेले. आशाबाईंनी बटण दाबलं. "चांदे! उगी वं माय, उगी. मी हावो ना." चांदीनं आढ्याकडे मान वर केली. थांबली. आशाबाई बोलत होत्या तोवर ती उभी राहिली, खुशालरावांना पाठीवर हात ठेवू दिला. आशाबाई श्वास घ्यायला थांबल्या की पुन्हा धडपड सुरू.

तेवढ्यात माइकवर आमच्या मंडळाचं नाव पुकारलं.

"मी नाई येत," आशाबाई म्हणाल्या. "माह्या आवाज थांबला का ते घाबरते. मागचं लेकरू असंच गेलं. तुमी जा, पार्बता. मी हिले सोडत नाई."

पार्बताबाई रडकुंडीला आल्या. माइकवर दुसऱ्यांदा नाव पुकारलं. आणि माझं डोकं तापलं.

"काकू, तिला तुमचा आवाजच पायजे ना?" मी त्यांच्या हातातून मोबाइल ओढून घेतला. "मग तो स्टेजवरून द्या! मी बटण दाबून धरते. उठा!"

आशाबाईंनी पदर कमरेला खोचला. मग उठल्या.

मी स्टेजच्या कडेला, मोठ्या स्पीकरच्या पायाशी, पार्बताबाईंच्या ढोलकीपुढच्या माइकजवळ जाऊन बसले आणि अंगठ्यानं बटण दाबलं. आशाबाईंनी डोळे मिटले, खंजिरीवर थाप पडली, आणि पहिली ओळ सुटली. तसा आवाज मी त्यांच्या अंगणातही ऐकला नव्हता. मोबाइलच्या पडद्यावर चांदीनं कान टवकारले. खुशालराव वर बघत उभे राहिले, तोंड उघडं. मग चांदी हळूच आडवी झाली.

एक स्वयंसेवक वाकून म्हणाला, "बाई, मोबाइल बंद ठेवा." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो पुढे निघून गेला.

दुसऱ्या कडव्याला पिल्लाचे पाय दिसले. अंगठा बधिर झाला होता, तरी मी बटण सोडेना. खुशालराव गुडघ्यांवर बसले, बाह्या वर करून. त्यांचा हात चांदीच्या पोटावरून फिरत होता आणि ती त्यांना फिरवू देत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पडदा धूसर झाला म्हणून मी स्वतःवरच चिडत होते. मग एकदम काहीतरी काळंभोर, ओलं, गवतावर सरकलं. हललं. डोकं उचललं! खुशालराव त्याचं नाक पुसत होते आणि चांदी वळून ते चाटायला लागली होती.

माझा अंगठा आपोआप सुटला. मोबाइलचा आवाज पूर्ण वर होता आणि मी माइकच्या अगदी जवळ बसले होते. कडवं संपून खंजिरी क्षणभर थांबली होती, तेवढ्यात साऱ्या सभागृहात खुशालरावांचा आवाज घुमला.

"वगार झाली वं! चांदीले लेक झाली! दोघीबी बऱ्या हायेत!"

आशाबाईंनी डोळे उघडले. पंच एकमेकांकडे बघत होते. पडद्यावर खुशालराव कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे होते, बाह्या ओल्या, आणि वरून काहीच आवाज येईना म्हणून ते गोंधळले होते.

"अवं कुलदीपच्या माय," ते म्हणाले, आणि आता आवाज हळू होता, "थांबली काहून? म्हन ना. मी आइकून राहिलो."

कोणीतरी हसलं, मग सगळं सभागृह हसलं, आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. आशाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. वेळ संपल्याची घंटा वाजली, पण घंटा वाजवणाऱ्यानंच हातानं खूण केली, होऊ द्या. मी पुन्हा बटण दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी. आशाबाईंनी खंजिरी उचलली आणि माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघत, सभेकडे नाही, शेवटचं कडवं नवऱ्यासाठी म्हटलं.